निवडुंगापलीकडची जागा

माझ्या बायकोला जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि मला शाल द्यायला लोक आले. जळगावहून गाडी करून आले होते. स्त्री-पुरुष समानतेसाठी ज्या पुरुषांनी काम केलं त्यांचा सत्कार करायचा आहे म्हणाले, आणि त्यात माझं नाव निघालं होतं. कोणी काढलं देव जाणे. मी ओट्यावर बसलो होतो. नातसुनेला चहा सांगितला. त्यांच्यातला एक बोलका होता. म्हणाला, "बाबा, त्या काळात तुम्ही बायकांना बोलायला शिकवलं. पुरुषांनी स्त्रीला समान हक्क कसा द्यावा, याचं तुम्ही उदाहरण आहात."

मी म्हटलं, "द्यायला तो काय माझ्या कोपरीच्या खिशात होता? आणि बोलायला मी कोणाला शिकवलं? तिला? माझी ती बोलती बंद करायची."

ते हसले. मी हसलो नाही. चहा झाल्यावर शाल त्यांच्या पिशवीत परत ठेवायला लावली आणि जा म्हटलं. गाडीत बसताना तो बोलका दुसऱ्याला हळूच म्हणाला, की म्हातारा दुःखात आहे. कान अजून शाबूत आहेत माझे. दुःखात आहे, ते खरंच आहे. सकाळी उठल्यावर अजून तिच्या बाजूला तोंड करून "पाऊस येईल का गं" असं विचारून बसतो. पण राग आहे तो त्या दुःखाचा नाही. राग पन्नास वर्षं जुना आहे, आणि तो अशाच लोकांवर आहे.

मी तिसरीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगितलं की लोक "काय मोठ्या मनाचा माणूस" म्हणून मान हलवतात आणि आपलंच खरं करतात. म्हणून कागदावर घालतो.

आमचं गाव गिरणेच्या काठचं, भडगाव आणि पाचोऱ्याच्या मधलं. ती धुळ्याकडची, पांझरेच्या काठची. लग्न झालं तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. तिकडच्या अहिराणीचा हेल तिच्या जिभेवर शेवटपर्यंत होता. बोलणं तुटक, पण एकदा बोलली की झालं. माझ्या आईला पहिली काही वर्षं ते फार लागायचं. आई म्हणायची, "हाई सून नही शे, वकील शे." पुढे त्याच आईचं तिच्यावाचून पान हलेना.

बाईशी बोलायचं असलं तर तिच्या नवऱ्याशी बोलायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पहिल्या मोठ्या मतदानाला आम्ही दोघं शेजारच्या गावच्या शाळेत चाललो होतो. मी पुढे, ती मागे. वाटेत भेटेल तो मला विचारी, "भाऊ, घरनी कोनले मत देई?" ती चार हातांवर उभी. मी म्हणायचो, "तिले इचारा." की सगळे हसायचे, मी काही गंमतच केली असं समजून. एकानंही मान वळवून तिला विचारलं नाही. परत येताना मीच विचारलं, कोणाला दिलं. म्हणाली, "मत गुपित ऱ्हास म्हने." मरेपर्यंत सांगितलं नाही.

आता मूळ गोष्ट. महाराष्ट्र अजून व्हायचा होता, आम्ही मुंबई राज्यात होतो. ग्रामपंचायतीत दोन बाया घ्याव्याच लागतील असा कायदा आला. सरपंचांना आम्ही आबा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण गाव म्हणजे आपल्या घरचं अंगण असं धरून चालायचा. एका संध्याकाळी पारावर मला म्हणाला, "भाऊ, तुना घरनं नाव टाकी दिन्हं पंचायतमा."

मी म्हटलं, "तिले इचारं का?"

"तिले काय इचारानं? तू शे ना." पारावरचे सगळे हसले. "आन घाबरू नको. तिले चावडीवर येवानी तकलीफ नही. अंगठा घर येईसन लेसूत."

दुसरी बाई म्हणून आबानं आपल्या विधवा आत्याला घेतलं. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. आबाच्या हिशेबानं याच्याहून सोयीची बाई गावात नव्हती. आणि माझी बायको का, तर मी गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या घरातला अंगठा उलटणार नाही असं त्याला वाटलं. म्हणजे पारख माझी केली आणि नाव तिचं घातलं.

घरी येऊन सांगितलं. ती जात्याशी बसली होती. म्हणाली, "मनं नाव टाकं, ते मले काब नही इचारं?"

"मी तेच सांगं त्यास्ले."

"मंग?"

"हसनात."

तिनं जातं पुन्हा फिरवायला घेतलं. 

तेव्हापासून पंचायतीचा शिपाई बैठक झाली की घरी यायचा. हातात शाईची गादी, काखेत मोठं पुस्तक. ती विचारायची, काय ठरलं. दिव्याच्या खांबांचं असे, विहिरीच्या कठड्याचं असे. त्याला माहीत असेल तेवढं तो सांगायचा. ती ऐकून घ्यायची, मग अंगठा द्यायची. शिपाई वैतागायचा. म्हणायचा, "वहिनी, आत्याबाई ते काहीच इचारत नही." ती म्हणायची, "त्यास्ले आयकू येत नही. मले येस."

चावडीवर बाई जात नसे. चावडीसमोरून जायचं झालं तरी नाही. मागच्या बोळातून वळसा घालायचा, आणि अगदीच नाइलाज असला तर वहाणा हातात घेऊन, पदर पुढे ओढून, भिंतीच्या कडेनं. आत सतरंजीवर आणि बाहेर पायरीवर बसणारे आम्ही सगळे कोणाचे ना कोणाचे दीर, सासरे, जेठ. हे मी काही फार जुन्या काळचं सांगत नाही. रेडिओ आलेला होता.

तर त्या साली विकास ब्लॉकचे साहेब गावात आले. तरुण, पांढरी पँट, गॉगल. मारुतीच्या देवळासमोर सभा झाली. साहेब चांगलं बोलले, उगाच खोटं कशाला सांगू. म्हणाले, स्त्री मागे राहिली तर खेडं मागे राहील. तिला बरोबरीनं वागवा. तिच्या हाताला काम द्या. मग इकडे तिकडे बघून म्हणाले, "पण भगिनी दिसत नाहीत कोणी?"

आबा म्हणाला, "आमच्या बायका फार मर्यादेनं वागतात, साहेब."

भगिनी देवळाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. माझी पण त्यात होती. तिला सातवा महिना होता. बसायला तिथं दगडसुद्धा नव्हता. बरोबरीनं वागवा हे त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि अलीकडे आम्ही टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी योजना आणली होती. गावात महिला मंडळासाठी एक पक्की खोली, त्यात शिलाई मशीन, बायकांना शिवण शिकवायला बाई येणार. सरकार सामान देणार, गावानं जागा आणि हात द्यायचे. आबा खुलला. त्याच दिवशी चावडीवर बैठक झाली, नकाशा उघडला, आणि जागा ठरली. गावाच्या खालच्या अंगाला, निवडुंगाच्या दाट रांगेपलीकडची. नकाशात पडीत. कोणाच्या मालकीची नाही, कोणाच्या कामाची नाही, असं लिहिलेलं.

मी चावडीच्या पायरीवर बसून ऐकत होतो. ती जागा कसली आहे ते मला माहीत होतं. आणि आत बसलेल्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं तर कळलं, की त्यांनाही माहीत आहे. एकूण एकाला माहीत आहे. निवडुंगापलीकडे बायकांची गोदरी होती. सबंध गावच्या बाया परसाकडे तिथं जायच्या. पहाटे तांबडं फुटायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. दिवसा जायची सोय नव्हती म्हणून उन्हाळ्यातसुद्धा पाणी बेतानं प्यायच्या. गावात आडोसा म्हणून तेवढाच. एका बाजूला निवडुंग, दुसऱ्या बाजूला नाल्याची दरड. पुरुषानं तिकडे पाय टाकायचा नाही, बघायचंही नाही, आणि तोंडातून त्या जागेचं नावही काढायचं नाही. नाव काढणारा माणूस हलका. ही आमची मर्यादा. ती पाळता पाळता गावातल्या कर्त्या पुरुषांनी बायकांच्या भल्यासाठी बायकांची गोदरी मोडायचं ठरवलं, आणि एकाच्याही तोंडून हूं की चूं निघालं नाही.

मी घरी जाऊन तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"खोली कोठे बांधतस?"

"खालना आंगे. निवडुंगपल्याड."

तिचा हात थांबला. "तठे?" म्हणाली. "तठे ते आम्ही जातस."

"हो."

"बठ्ठ्या गावन्या बाया तठे जातस. आबानी बायको जास. त्याले मालूम नही का?"

"मालूम शे. बठ्ठास्ले मालूम शे. पन कोन सांगी?"

तव्यावरची भाकरी करपली. आई कोपऱ्यातून ओरडली. ती उठली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आन त्यावर मना अंगठा राही." तिला खरी आच त्याचीच लागली होती. जागा तर जाणारच होती. वर सगळ्या बाया म्हणणार, पंचायतीत आमची बाई होती आणि तिनंच अंगठा दिला. तिला त्याच बायांबरोबर विहिरीवर जायचं होतं, कापूस वेचायला जायचं होतं, बाळंतपणाला त्यांनाच बोलवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शिपाई आला. गादी उघडून ठेवली.

"वहिनी, अंगठा."

"कसाना?"

"बायास्ना खोलीना."

"बैठक कोठे व्हयनी?"

"चावडीवर."

"मी व्हती का तठे?"

शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा होतो. तो मला म्हणाला, "भाऊ, सांगा ना."

मी म्हटलं, "तुले ती सांगी राह्यनी ना?"

ती म्हणाली, "जठे मी नव्हती, तठला अंगठा मी नही देवाव. आबाले सांग, पुढली बैठकले मी येसू."

संध्याकाळी पारावर मला बोलावणं आलं. आबा होता, पंचायतीतले माझे चुलते होते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, आणखी चार-पाच जण होते.

"भाऊ, तुनी बायकोनी अंगठा दिन्हा नही."

"तिनी मर्जी."

"तिनी मर्जी? मंग तू कसाले शे घरमा?"

हसले सगळे. आबा म्हणाला, "आवर तिले."

"ती काय गोऱ्हा शे का आवराले?"

मागून कोणीतरी म्हणालं, "याले एक लुगडं लई द्या." परत हसले. लुगड्यावरून हसणाऱ्या या माणसांना लुगड्याच्या झोळीत घालूनच त्यांच्या आयांनी वाढवलं होतं. मला तेव्हा नुसता राग आला. हे उत्तर आता सुचतं, पण ते सगळे मरून गेले. नाना मात्र हसले नाहीत. ते गंभीर होऊन म्हणाले, "आपल्या घराण्याची बाई चावडी चढली तर मी तिथं पाय ठेवणार नाही." नाना मुंबईत दोन वर्षं गिरणीत राहून आलेले, रागावले की शुद्ध बोलायचे.

मी म्हटलं, "नाना, नाव तुम्हीच टाकलं तिचं."

"नाव टाकलं. पाय टाकायला कोणी सांगितला?"

पुढच्या बैठकीला ती गेली. मागच्या बोळातून गेली नाही, समोरून गेली. मी तिच्याबरोबर गेलो, पण पायरीपर्यंतच. मी सदस्य नव्हतो, आत माझं काय काम. तिनं वहाणा दारात काढल्या, सगळे काढतात तिथं. आत गेली. सतरंजीवर कोणी सरकलं नाही. ती भिंतीकडेला जमिनीवर बसली, पोटामुळे एक हात टेकून. नाना उठले, काठी घेतली, माझ्याजवळून जाताना म्हणाले, "आता चावडीला पाळणा बांधा." आणि गेले.

 मग ती म्हणाली, "खोलीनी जागा पडीत नही शे. ती जागा बायास्नी शे."

आबानं पायरीकडे मान वळवली आणि मला विचारलं, "भाऊ, काय म्हनी राह्यनी तुनी घरनी?"

मी आजपर्यंत विसरलो नाही. ती त्याच्यापासून दोन हातांवर बसलेली. बोलली ते अहिराणीत, त्याच्या आईच्याच बोलीत. आणि हा मला विचारतो.

"तिले इचारा, आबा. ती तठेच बठेल शे."

आबानं तिच्याकडे बघितलं नाही. खांबाकडे बघून म्हणाला, "तठे काय शे? निवडुंग शे, साप शेतस. साफ व्हई जाई. आन खोली कोनी शे? बायास्नीच शे. बायास्नंच भलं शे त्यामा."

"मंग बायास्ले इचारं का?" ती म्हणाली.

"भाऊ, तिले म्हना, सरकारनी योजना शे."

"भाऊ, तिले समजाडा."

"भाऊ, साहेब काय म्हनी?"

भाऊ, भाऊ, भाऊ. मी पायरीवरून एकच सांगत होतो, तिले सांगा, तिले सांगा. घसा सुकला माझा. या बैठकीत माझं एवढंच काम. त्याहून एक अक्षर मी जास्त बोललो नाही, आणि ठरवून बोललो नाही. तिनं येताना बजावलं होतं, "तुम्ही बोलनात, ते मना बोलाले काय अर्थ ऱ्हायना?"

ती काय जागा आहे ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. समोर तिचे दीर-सासरे, शब्द निघेना. आत बसलेल्यांना ते बरोबर माहीत होतं. तिची लाज ही त्यांची भिंत होती, तिच्याआड बसून ते विचारत होते, "तठे काय शे?" आठ दिवसांनी साहेब जागा मोजायला येणार असं ठरलं आणि बैठक उठली. तिचा अंगठा तेवढा राहिला. आबा म्हणाला, एका अंगठ्यानं काही अडत नाही.

घरी येताना ती रडली असेल असं कोणाला वाटेल. रडली नाही. म्हणाली, "मोजाले कोन जाई?"

"तलाठी जाई. आबा, साहेब. बठ्ठा जातीन."

"निवडुंगपल्याड?"

मग मला कळलं. मला हसू आलं, तिला आलं नाही.

ते आठ दिवस ती मागच्या बोळांतून फिरली. विहिरीवर, जात्यावर, कापसाच्या शेतात. सुरुवातीला बाया तिच्याशी धड बोलेनात. काहींच्या कानावर आलं होतं की अंगठा देऊन झाला. आबाच्या बायकोनं तर दार लावून घेतलं. माझी आई पण कुरकुरत होती, दिवसाउजेडी तिकडे कोण जाईल, लाज नाही का. ती आईला म्हणाली, "खोली व्हयनी ते तुम्ही कोठे जाशात? रस्तावर?" आईनं जपमाळ बाजूला ठेवली. आईचं गुडघ्याचं दुखणं, तिला निवडुंगापर्यंत जायलाच वेळ लागायचा. त्याच्या पुढे तिला चालवलं नसतं.

साहेब आले त्या दिवशी ऊन चांगलं वर आलेलं. तलाठ्याच्या हातात मोजणीची साखळी, आबाच्या डोक्यावर नवा फेटा, मागे पंचायतीचे सगळे, आणि त्यांच्यामागे आम्ही रिकामटेकडे. गावाच्या खालच्या अंगाला कडुलिंबाचं एक मोठं झाड होतं. तिथवर आम्ही सगळे आलो आणि थांबलो.

निवडुंगाच्या फटींतून लुगडी दिसत होती. लाल, हिरवी, चॉकलेटी. पितळी लोटे उन्हात चमकत होते. बोलणं नाही, हसणं नाही, नुसत्या बसलेल्या. गावातल्या जेवढ्या बायांना चालता येत होतं तेवढ्या सगळ्या. सगळ्यात पुढे माझी आई, कारण ती सगळ्यांच्या आधी निघाली होती.

साहेब चार पावलं पुढे गेले. मागे वळून म्हणाले, "चला ना. थांबलात का?"

आबा आभाळाकडे बघत म्हणाला, "ऊन गंज शे, साहेब."

"ऊन आहे तर लवकर आटपू. तलाठी, साखळी धरा."

तलाठ्यानं साखळी खाली ठेवली आणि तिचा गुंता सोडवायला बसला. गुंता नव्हता. साहेब एकटेच चालायला लागले, तसा आबानं त्यांचा दंड धरला. "तठे जावानं नही, साहेब."

"का? आहे काय तिथं?"

 कोणी पायानं माती उकरत होतं, कोणी फेटा सोडून परत बांधत होतं. साहेब चिडले. एकेकाला विचारत माझ्याजवळ आले. "तुम्ही तरी सांगा."

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. जिला सांगायचं आहे ती येते आहे."

ती फटीतून बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात लोटा, चालणं अवघडलेलं. लिंबाखाली येऊन साहेबांच्या समोर उभी राहिली. साहेबांना कळावं म्हणून बाजाराच्या मराठीत बोलली. "साहेब, ही बायकांची गोदरी आहे. आम्ही सगळ्या इथं परसाकडे येतो. या माणसांच्या आया येतात, बायका येतात, लेकी येतात. इथं खोली बांधा, शिवण शिकवा. पण मग आम्ही कुठं बसायचं, ते यांना सगळ्यांसमोर सांगायला लावा."

साहेबांचं तोंड लाल झालं. त्यांनी गॉगल काढला, परत घातला. "मग हे आधी का नाही सांगितलं?"

"इचारं कोनी, साहेब?" ती म्हणाली.

तेवढ्यात निवडुंगाआडून कोणी बाई उठली. तिच्या लुगड्याचा काठ ओळखून आबा सर्रकन् मागे फिरला आणि गावाकडे चालायला लागला. त्याची बायको होती. दार लावून घेतलेली तीच. आबा गेला तसे बाकीचेही गेले. तलाठ्यानं साखळी गोळा केली. जागा मोजली गेली नाही, ना त्या दिवशी, ना पुढे कधी.

इथं गोष्ट संपली असती तर मी कागद काळे केले नसते.

जाताना साहेबांनी माझा हात हातात घेतला. माझा. तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "तुमचं कौतुक वाटतं. पत्नीला इतकी मोकळीक देणारा माणूस खेड्यात बघितला नव्हता." ती तिथंच उभी होती, लोटा घेऊन, उन्हात. मी म्हटलं, "साहेब, बोलली ती." ते म्हणाले, "हो, हो, पण तुम्ही बोलू दिलंत." आणि जीपमध्ये बसले.

गावात पण तेच. दिवाळीपर्यंत गोष्ट अशी झाली, की भाऊनं साहेबाला लिंबाखाली अडवलं. पुढच्या सालापर्यंत मी चावडीवर भाषण केलं होतं. मी नाही म्हणायचो. जितकं नाही म्हणावं तितके लोक मला मोठा करायचे. ज्यांनी मला लुगडं नेसवायला काढलं होतं त्यांचीच पोरं पुढे सांगायची, आमच्या गावात भाऊनं बायांसाठी लढा दिला. आणि त्या बाया? ती माझी आई, दुखऱ्या गुडघ्यांनी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलेली? तिचं कोणी नाव काढत नाही. नाव काढायचं तर ती कुठं बसली होती ते सांगावं लागतं, आणि ते सांगायची अजून लाज वाटते. मला सांगतात पुरुषांनी पुढे यावं. अरे, पुरुष पुढेच होता. सगळी अडचण तीच होती. त्या दिवशी त्याचं एकच काम होतं, लिंबाखाली थांबायचं आणि जिला बोलायचं तिला बोलू द्यायचं. त्याची पण शाल देतात.

खोली चावडीच्या बाजूला बांधली. बाया तिथं कशा जाणार? मशीन आलं, ते चोरी होईल म्हणून आबाच्या घरी ठेवलं. शिवण शिकवायला बाई यायची ती तीन-चार महिने आली आणि कंटाळून गेली. खोलीत पुढे चुन्याच्या गोण्या ठेवल्या, आणि पावसाळ्यात पत्ते खेळायला बरी पडायची.

पंचायत नवी बसली तेव्हा तिचं नाव नव्हतं. आबाची आत्या होती तशीच होती. माझ्या बायकोच्या जागी ज्या बाईला घेतलं, तिच्या नवऱ्याला पारावर विचारून घेतलं होतं. हे कळलं तेव्हा मी फार तावातावानं घरी आलो. आमची मुलगी तेव्हा रांगायला लागली होती. बायको तिला न्हाऊ घालत होती. मी म्हटलं, मी आबाकडे जातो, हे मी चालू देणार नाही.

तिनं मुलीच्या डोक्यावर पाणी ओतलं. म्हणाली, "बठा खाले. तुम्ही गयात ते परत तुमनंच नाव व्हई."

मी बसलो.

"निवडुंग शे ना जागेवर?" तिनं विचारलं.

"शे."

"मंग झायं."

तिचं झालं. घरोघरी संडास होईपर्यंत निवडुंगाला कोणी हात लावला नाही, आणि तिला तेवढंच पाहिजे होतं. तिनं पुन्हा कधी त्या गोष्टीचा विषय काढला नाही. पण माझं काही झालं नाही. ती होती तोवर मी राग आला की तिच्याकडे बघायचो, ती आपलं काम करत असायची, आणि माझा आवाज आपोआप खाली यायचा. आता बघायला कोणी नाही.